बाबांची हायब्रिड गाडी : बॅटरी बदलायची की गाडी?

जूनमध्ये बेळगावहून गोव्यात परतताना चोर्ल्याच्या घाटातच मला खटकलं. हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असतात; ती उतारावर असली की तिची मोटर जनित्रासारखी फिरते आणि बॅटरी भरते, हे बाबांनी शिकवलेलं. पण त्या दिवशी तीन-चार वळणांतच डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या सगळ्या पट्ट्या भरल्या आणि केरीला सपाटीवर आलो तोवर दोनच उरल्या. मागच्या सीटजवळचा पंखा मिक्सरसारखा घरघरत होता. उसगाव-तिस्कला लाल त्रिकोण पेटला आणि हायब्रिड यंत्रणा तपासा, अशी सूचना आली. आई शेजारी बसली होती. फोंड्यापर्यंत मी पन्नासच्या वर गेले नाही.

गाडी २०१३ ची. बाबांनी निवृत्तीनंतर घेतली, चार वर्षांपूर्वी ते गेल्यावर माझ्याकडे आली. भावनेचा भाग आहेच, तो मी लपवत नाही. पण नुसत्या भावनेवर एवढे पैसे घालण्याची माझी ऐपत नाही, म्हणून हे सगळं नीट शोधावं लागलं.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, पी०ए८० हा कोड आला. त्याचा अर्थ हायब्रिड बॅटरी बदला. खर्चाचा अंदाज हातात आला तेव्हा मी दोनदा वाचला : विम्याच्या कागदावर गाडीची जी किंमत आहे, तिच्या साठ टक्क्यांच्या आसपास. सल्लागार म्हणाला, ‘‘मॅडम, एवढे घालण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.’’ पण दिवा पेटलेल्या गाडीला एक्स्चेंजमध्ये विम्यातल्या किमतीचा जेमतेम तिसरा हिस्साच मिळणार होता.

मामा म्हणाला, ‘‘बॅटरी काढून टाक गो, नुसत्या पेट्रोलवर चालव.’’ हे बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटलं होतं. पण या गाडीला वेगळा स्टार्टर नाही. इंजिन सुरू करते ती हायब्रिड मोटर, आणि ती चालते याच मोठ्या बॅटरीवर. बॅटरी पूर्ण गेली की इंजिन कितीही ठणठणीत असो, गाडी जागची हलत नाही.

मग कुर्टीतल्या एका मेकॅनिकचं नाव कळलं. माणूस कमी बोलणारा. ‘‘ताई, आधी आकडे बघूया,’’ एवढंच म्हणाला. या बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची ३४ मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, एकापुढे एक जोडलेली असतात, प्रत्येक ७.२ व्होल्टचं, एकूण २४४.८ व्होल्ट. गाडीचा संगणक ती दोन-दोनच्या १७ गटांत मोजतो. आम्ही फर्मागुडीचा चढ चढलो, तो शेजारी बसून मोबाइलवर आकडे वाचत होता. सोळा गट जवळजवळ एका रांगेत होते. नववा मात्र जोर लागला की बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली जायचा. साखळीतली एक कडी कच्ची असली की सगळी साखळी तेवढीच.

नारिंगी सर्व्हिस प्लग उपसून, रबरी हातमोजे घालून, दहा मिनिटं थांबून त्याने बॅटरी उघडली. (हे काम कुणीही घरी करू नये, जीव जाईल एवढा विजेचा दाब असतो.) पंख्याच्या पात्यांवर तांबड्या धुळीचा आणि लोकरीचा जाड थर होता. बॅटरी थंड ठेवायला हा पंखा आतल्या सीटजवळची हवा ओढतो, आणि त्याच जाळीला टेकवून आम्ही वर्षानुवर्षं आईची शाल, देवळात न्यायच्या पिशव्या ठेवत आलो. मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या दमट हवेने हिरव्या पडल्या होत्या. पंखा धुतला, पट्ट्या घासल्या. खर्च अगदी थोडा, आणि दिवा विझला. मला रडू यायचं बाकी होतं.

चवथ झाली आणि दिवा परत आला. नववा गट तर गेलाच, आठवाही लटपटायला लागला.

मेकॅनिक म्हणाला, ‘‘दोन गट बदलून देतो, पण पुढच्या पावसाळ्याची हमी देणार नाही.’’ त्याचं हे बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बारा वर्षांच्या मॉड्यूलमध्ये नवी बसवली की त्यांची ताकद जुळत नाही, आणि जुन्यांतलं पुढचं कच्चं मग उघडं पडतं. पुन्हा उघडा, पुन्हा मजुरी.

तेव्हा मी प्रश्न बदलला. बॅटरी केवढ्याला, हे बाजूला ठेवून बाकीची गाडी कशी आहे ते बघितलं. गाडी लिफ्टवर चढवून तळ तपासला, कारण आपल्या खाऱ्या हवेत पत्रा आधी जातो. सांगाड्याला गंज नव्हता. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) थंड ठेवणारा कूलंट पंप, ब्रेकला दाब देणारा ॲक्च्युएटर हे महागडे भाग एकेक करून तपासले. बॅटरीबरोबर त्यातलंही काही गेलेलं असतं तर मात्र मी गाडी विकून टाकली असती. गिअरबॉक्समध्ये झिजायला क्लच नाही, ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते म्हणून पॅडही निम्मे शिल्लक.

आकडेमोडीला बाबांची वही कामी आली. २०१३ पासून प्रत्येक टाकीची नोंद : तारीख, किलोमीटर, लिटर. लिटरला १६ देणारी गाडी दोन वर्षांत हळूहळू साडेअकरावर आली होती. महिना ८०० किलोमीटर धरले तर सुमारे २० लिटर जास्त. लिटरला शंभर रुपये धरून दोन हजार. एवढ्या बचतीतून नव्या बॅटरीचे पैसे निघत नाहीत. पण दुसरी गाडी घेतली असती तर तिच्या कर्जाच्या साधारण दीड वर्षाच्या हप्त्यांत ही बॅटरी येत होती. गाडीची नोंदणी २०२८ पर्यंत आहे, तेव्हा फिटनेस तपासणीत पास झाली तर आणखी पाच वर्षं मिळतात. आणि आईच्या गुडघ्यांना या उंचीची सीट सोपी पडते, हेही मी हिशेबात धरलं.

ऑक्टोबरात नवी बॅटरी बसवली. वॉरंटी लेखी घेतली. जुनी बॅटरी परत घेतल्याची पावतीही मागून घेतली, कारण २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून योग्य ठिकाणी पोचवणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. ती कुठल्या तरी भंगारवाल्याच्या अंगणात पडून राहायला नको होती.

आता पिशव्या डिकीत जातात आणि दर तीन महिन्यांनी जाळी ब्रशने साफ करते. पहिल्या तीन टाक्यांची सरासरी १५.८ आली. वहीत बाबांच्या अक्षराखाली लिहून ठेवली आहे.