बुधाचा गाभा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर

मंडळी, शाडूचे अर्धे कापलेले ग्रह करायला घेतलेत, 500 किमीला 1 सेमी असं प्रमाण धरून. पण आतला गाभा केवढा करायचा हा आकडा कुठून तरी उतरवून घेणं मनाला पटेना. म्हणून दोन रविवार वजनकाट्यापाशी काढले.

पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती सोडायची, तळाला टेकू द्यायची नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर तिचं आकारमान. टेकडीवरून आणलेला पहिला बसाल्ट भोकाभोकांचा निघाला. बुडबुडे सुटतच राहिले, आकडा ठरेना. दुसरा घट्ट काळा पाषाण: वजन 412, पाण्यात 143, म्हणजे घनता 2.88. लोखंडासाठी माळ्यावरचं बिडाचं अर्ध्या किलोचं वजन काढलं. 69 आले, घनता 7.25. (बुडाच्या खळग्यात भरलेलं शिसं धरून.)

बुधाची सरासरी घनता 5.43. ती या दोघांच्या मिश्रणातून यायची तर 58 टक्के आकारमान लोखंडाचं हवं. घनमूळ 0.83, ग्रहाची त्रिज्या 2,440 किमी, म्हणून गाभा 2,035. मेसेंजर यानाच्या मोजमापांतूनही तो 2,000 किमीच्या जरा वरच येतो! मी वही तीनदा तपासली.

तेच गणित पृथ्वीला लावलं आणि गाभा आला 5,380 किमी. भूकंपलहरी सांगतात 3,480. पृथ्वी स्वतःच्याच भाराने इतकी दाबली गेलीय की खोलवरचा खडक नि लोखंड दोन्ही जास्त घट्ट झालेत. तो दाब वजा केला तर तिची घनता 4.05 च्या आसपास उतरते, बुधाची मात्र 5.3 च राहते. बुध एवढासा, त्याला दाबणार कोण? त्याचं जडपण खरोखरच्या लोखंडाचं आहे. शिवाय प्रावरण (गाभ्यावरचा खडकाचा जाड थर) बसाल्टचं नसतं, त्यात ऑलिव्हीन हे जड खनिज भरपूर, घनता 3.3 धरली तर पृथ्वीचा गाभा 3,660 वर येतो. माझ्या काट्याला एवढं पुष्कळ झालं.

मंगळ थांबवलाय. मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाने टिपलेल्या कंपनांवरून 2021 मध्ये गाभा 1,830 किमी निघाला होता, 2023 मध्ये त्याच्याभोवती वितळलेल्या खडकाचा थर धरल्यावर तो 1,650 ते 1,675 वर आला. मी धाकटा आकडा घेणार आहे.

बुध सध्या खिडकीत वाळतोय. गाभा 4 सेमी, वर खडकाचा थर जेमतेम 8 मिमी. कडेला तडा गेलाय, ओल्या बोटाने दोनदा लिंपला.