टिपरवरून सुपरमार्केटच्या गाडीवर: ट्रायलची तयारी

सुपरमार्केटच्या डिलिव्हरी ट्रकवर ड्रायव्हर पाहिजेत असं कळलं, अर्ज केला, कागद बघून त्यांनी ट्रायलला, म्हणजे गाडी चालवून दाखवायला बोलावलंय. गोडाऊन गोव्यात वेर्ण्याला, तिथून पहाटे माल सुटतो तो झुवारी पूल, पणजी, पर्वरी, म्हापसा करत कळंगुट-कांदोळीपर्यंतच्या दुकानांत जातो. आमच्या डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातले बरेच जण सध्या अशी कामं शोधतायत, रोज कोणी ना कोणी विचारतं की ट्रायलला नक्की काय बघतात, म्हणून तयारी करताना जे जे कळत गेलं ते इथे लिहून ठेवतोय.

मी खाणीवरचा ड्रायव्हर. पिसुर्ल्याकडून नदीवरच्या जेटीपर्यंत टिपर चालवला, बार्जमध्ये माल पडला की रिकामी गाडी घेऊन परत रांगेत. हिशोब ट्रिपवर. सप्टेंबर २०१२ ला खाणी बंद झाल्या, मधे काही सुरू झाल्या, मग ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून परत सगळं ठप्प. कोणी गाडी भंगारात काढली, कोणी हप्त्यांत अडकला, मी चिरे-खडीच्या गाड्यांवर दिवस काढले. या सगळ्यात एक गोष्ट मला कायम लागते, ती म्हणजे टिपरवाला म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठी येते, हा बेफाम चालवणार असं तो आधीच धरून चालतो. अरे पण भर पावसात लाल चिखलातून, लोडेड गाडी उतारावर गिअरात धरून, समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग चुकवत जे ड्रायव्हर वर्षानुवर्षं चालले त्यांच्या हातात कसब नाही असं कोण म्हणेल? घाई ट्रिपच्या हिशोबाने लावलेली होती. कसब आपलं आहे. ट्रायलला जाताना कसब घेऊन जायचं आणि घाई घरी ठेवायची, माझी सगळी तयारी या एकाच गोष्टीभोवती चाललीय.

माझा मावसभाऊ इंग्लंडमधे स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, तिकडे गोंयकार भरपूर. तो तिथे सुपरमार्केटच्या लॉरीवर आहे, क्लास टू म्हणतात, लायसन्सवर कॅटेगरी सी. नोकरी देण्याआधी त्याचीही अशीच परीक्षा झाली, तिकडे तिला असेसमेंट म्हणतात. रविवारी फोनवर बसून सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, दादा, त्या माणसाने किल्ली हातात दिली आणि काही न बोलता बाजूला उभा राहिला, मी गाडीत चढतो की गाडीभोवती फिरतो हेच तो बघत होता. तिकडे सकाळी गाडी हलवण्याआधी भोवती फिरून टायर, लाइट, आरसे, गळती, दारं सगळं तपासायचं आणि काही सापडलं तर लिहून द्यायचं, ते ड्रायव्हरच्या जबाबदारीत येतं. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायलाच लागतं आणि टॅकोग्राफ नावाचं मशीन त्याची नोंद ठेवतं, त्यात लपवाछपवी चालत नाही. शिवाय दर ५ वर्षांत ३५ तास ट्रेनिंग. रेल्वेच्या कमी उंचीच्या पुलाखाली लॉरी अडकणं हा तिकडे मोठा विषय, म्हणून गाडीची उंची केबिनमध्ये डोळ्यासमोर लिहिलेली असते. आपल्याकडे हे सगळं जसंच्या तसं नाही, टॅकोग्राफ तर नाहीच, पण विश्रांतीची गोष्ट आपल्याकडे नवी आहे असं पण नाही, १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यातच दिवसाचे ८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं, ट्रिपच्या जमान्यात ते कोणी वाचलं नाही इतकंच.

तर पहिली तयारी गाडीभोवती फिरण्याची. मी त्याचा क्रम ठरवून टाकलाय, ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात आणि एकाच बाजूने फिरत परत त्याच दारापाशी, म्हणजे काही राहत नाही. बोनेट किंवा केबिन उचलून ऑइलची पट्टी, कुलंट, खाली जमिनीवर थेंब पडलेत का. टायरला नुसती लाथ मारून उपयोग नाही, कडेला चिरा आहेत का ते बघायचं, झीज दाखवणाऱ्या खुणेपर्यंत टायर उतरलाय का ते बघायचं, आणि मागच्या जोडटायरच्या मधे दगड अडकलाय का ते वाकून बघायचं, हे आम्हा खाणवाल्यांना कोणी शिकवायला नको, असा दगड उडून मागच्याची काच फुटलेली आम्ही पाहिलीय. नटभोवती गंजाची ओघळ दिसली तर नट सैल असण्याची शक्यता. स्प्रिंगच्या पाट्याचं एखादं पान तुटलंय का. लाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्सचा आवाज, वायपर. एअर ब्रेकची गाडी असेल तर स्टार्ट करून हवेचा काटा वर येईपर्यंत थांबायचं आणि मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून बघायचं, हवा झपाझप उतरली तर कुठेतरी लीक आहे. दोन गोष्टी मात्र नव्याने शिकलो कारण आमच्या जुन्या टिपरांना त्या नव्हत्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाड्या आल्या, त्यातल्या बऱ्याच गाड्यांना डिझेलशिवाय युरियाची वेगळी टाकी असते, ती संपत आली की गाडी आधी दिवा दाखवते आणि तरी भरली नाही तर ताकद कमी करते. आणि सायलेन्सरमधला फिल्टर काजळीने भरला की त्याचा पण दिवा लागतो. ओळखीच्या एका आयशर ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये बसून डॅशबोर्डवरचा प्रत्येक दिवा समजून घेतला, न लाजता विचारलं.

आता गाडीचा फरक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टिपरचा माल जड आणि खाली बसलेला, आणि मागच्या चाकांच्या पाठी बॉडी फार जात नाही. डिलिव्हरीची बंद बॉडी उंच, माल त्या मानाने हलका पण वरपर्यंत रचलेला, त्यामुळे वळणावर गाडी वरून झुकते. नवीन झुवारी पुलावर वारा आडवा लागतो तेव्हा रिकामी बंद गाडी बाजूला ढकलल्यासारखी वाटते, पावसाळ्यात जास्तच, तिथे स्टिअरिंग दोन्ही हातांनी आणि स्पीड आधीच उतरवलेला पाहिजे. आणि मागच्या चाकांच्या पाठी बॉडीचा जो भाग लोंबतो तो खरा घात करतो. उजवीकडे जोरात वळवलं की पुढचं तोंड उजवीकडे जातं आणि शेपूट डावीकडे बाहेर पडतं, तिथे उभी असलेली स्कूटर, विजेचा खांब, एखाद्या घराचा गडगा काहीही लागू शकतं. हे डोक्यात कळून भागत नाही, हातात बसायला लागतं. म्हणून मी काय केलं, एका ओळखीच्या दुकानदाराची बंद बॉडीची गाडी दुपारी रिकामी असते, ती मागून घेतली आणि मैदानात खडूने रेघ मारून शेपूट रेघेच्या किती बाहेर जातं ते पोराला उभं करून बघायला लावलं. पाहिल्यावर डोळे उघडले. वळायच्या आधी थोडं सरळ पुढे जायचं, मग हळू वळवायचं, आणि पूर्ण वळण होईपर्यंत नजर दोन्ही आरशांत आलटून पालटून.

उंचीचं पण तेच. शिवोली, हळदोणे, आसगाव या भागातले रस्ते अरुंद, वरून आंब्या-फणसाच्या फांद्या, माडाची झावळं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोंबकळणाऱ्या केबल. टिपर चालवताना वर बघायची सवय नसते. गाडीची उंची किती ते ट्रायलच्या आधी विचारून घेणार आणि भावाच्या पद्धतीने कागदावर लिहून डॅशबोर्डवर लावणार, त्यांनी विचारलं हे कशाला तर सांगेन.

रिव्हर्स. सगळे याच गोष्टीला घाबरतात, पण यात कसब कमी आणि धीर जास्त लागतो. खाणीवर मागे घेताना मागे ढिगारा असायचा, सुपरमार्केटच्या मागच्या दारी माणसं असतात, ट्रॉली ओढणारे पोरगे, मुलाला घेऊन शॉर्टकटने जाणारी बाई, शुक्रवार असला तर म्हापशात बाजाराची अख्खी गर्दी. मी ठरवलंय, मागे घेण्याआधी खाली उतरून जागा बघायची, प्रत्येक वेळी. परीक्षक शेजारी बसलाय, तो काय म्हणेल, वेळ जातोय, असले विचार करायचे नाहीत. शक्यतो ड्रायव्हरच्या बाजूने मागे घ्यायचं म्हणजे शेपूट आपल्याला दिसतं, काच खाली, रेडिओ बंद, आणि कोणी माणूस मागे उभा राहून "येऊदे येऊदे" म्हणत असेल तर तो आरशात दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक. कोन चुकला तर पुढे घेऊन परत लावायचं. मावसभाऊ म्हणतो, तिकडे पुढे घेऊन सरळ केल्याबद्दल कोणी नापास करत नाही, न बघता मागे घेतल्याबद्दल करतात. मला ते पटलं.

रस्त्यावर काय, आपल्याला चालवता येतं. तरी स्पीडब्रेकरवर, सर्कलवर, बांबोळीच्या चढ-उतारावर गाडी कशी न्यायची ते मनात म्हणून ठेवलंय, ज्या गिअरात चढ चढतो त्याच गिअरात उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून घसरत यायचं नाही. ब्रेक असा लावायचा की मागे अंड्यांचे ट्रे आहेत हे पायाला माहीत असलं पाहिजे. दगड-मातीला धक्का लागत नाही, दह्याच्या डब्याला लागतो. माल रचायचं पण विचारतात म्हणे, तर जड खाली, म्हणजे तेलाचे डबे, पाण्याचे बॉक्स, पिठाची पोती, वर चिप्स-बिस्किटं, आणि ज्या दुकानात शेवटी जायचं त्याचा माल सगळ्यात आधी आत. जड माल सगळा एका बाजूला आला तर गाडी वाकडी चालते. फ्रिजची गाडी असेल तर फ्रोझन उणे १८ डिग्रीवर राहायला पाहिजे, म्हणून दार उघडं टाकून गप्पा मारत उभं राहायचं नाही, क्रेट काढले की दार बंद, आणि टेंपरेचर दर स्टॉपला बघून लिहायचं. मे महिन्याच्या उकाड्यात आईस्क्रीम एकदा मऊ होऊन परत घट्ट झालं तर ते घेणाऱ्या घरातल्या पोराच्या पोटात जातं, हे काम मला म्हणून नुसतं ड्रायव्हिंग वाटत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. लायसन्सची तारीख आज बघा. ट्रान्सपोर्टचं लायसन्स आता ५ वर्षांचं मिळतं, आधी ३ होतं, आणि मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवस जे चालून जायचं ती सूट २०१९ च्या दुरुस्तीत गेली, म्हणजे तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवता येत नाही. मुदत संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट. खाणी बंद पडल्यावर आमच्या कितीतरी जणांनी लायसन्स कपाटात टाकलं ते तसंच आहे, त्यांनी आधी ते काम करा. रिन्यू करताना डॉक्टरचा फॉर्म १-ए, म्हणजे तब्येतीचा दाखला लागतो. ज्या पोरांकडे नुसतं एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स आहे त्यांनी निराश व्हायचं कारण नाही, ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायाधीशांनी सांगितलंय की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा शिक्का नको. फक्त ते वजन गाडी आणि माल मिळून धरायचं, आरसी बुकावर ग्रॉस वेट म्हणून असतं ते बघा, रिकाम्या गाडीचं नको. बाकी गाडीचा फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट कुठे ठेवलंय ते किल्ली घेतानाच विचारायचं, आणि बेळगाव-कोल्हापूरकडून माल आणायचा असेल तर ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद लागतो, त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, हे माहीत असलेलं दिसलं तर समोरच्याला बरं वाटतं.

आदल्या रात्री लवकर झोपायचं, चष्मा असेल तर लावून जायचं, चप्पल घालून नाही, बूट घालून. बोलताना खाणीवर होतो हे लपवायचं नाही. मी तर सरळ सांगणार आहे की टिपर चालवलाय आणि उतारावर लोडेड गाडी कशी धरायची ते मला येतं.

आणि आपण पण विचारायचं, गप्प बसून सही करायची नाही. ड्युटी किती वाजता सुरू, किती तास, चवथीच्या आणि नाताळच्या गर्दीत ओव्हरटाइम देतात का, सोबत हेल्पर असतो की क्रेट एकट्याने उतरवायचे, दुकानात माल कमी भरला किंवा बाटल्या फुटल्या तर पैसे कोणाच्या पगारातून कापतात, गाडीत बिघाड दिसला आणि मी म्हटलं की ही गाडी आज काढत नाही तर पुढे काय होतं. हा शेवटचा प्रश्न मी पहिला विचारणार आहे, कारण त्याच्या उत्तरावरून कळेल की गाडीभोवती फिरून तपासायला ते खरंच सांगतायत की फक्त ट्रायलपुरतं.