माझा अनुभव: पिअर सपोर्टर होताना अडलेला रकाना

जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं: स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या आणि लहान वयात पोलीस-कोर्ट पाहिलेल्या तरुणांना प्राधान्य. सुधारगृहातून सुटलेल्या, नशा सोडू पाहणाऱ्या पोरांना सोबत करायची, असं पिअर सपोर्टरचं काम. म्हणजे माझंच वर्णन. मुलाखत झाली, प्रशिक्षण झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. गाडी अडली ती पार्श्वभूमी तपासणीच्या अर्जावर.

'तुमच्यावर यापूर्वी कधी कोणताही गुन्हा नोंदवला गेला आहे का? हो / नाही. असल्यास तपशील.' तपशिलाला जागा अर्धी ओळ.

माझं प्रकरण सोळाव्या वर्षीचं, बाल न्यायालयात चाललं आणि तिथेच मिटलं. 'हो' लिहावं तर अर्ज वरिष्ठांकडे जातो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. 'नाही' लिहावं तर उद्या कुणीतरी खोटी माहिती दिली म्हणून बोट दाखवणार. खिडकीवर विचारलं, "मॅडम, अठराच्या आतलं प्रकरण यात धरायचं का?"

"जे असेल ते लिहा."

"पण ती नोंद गोपनीय असते ना?"

"मग रिकामं सोडा."

सोडलं. अर्ज परत आला. त्या रकान्याभोवती लाल गोल आणि वर शिक्का: अपूर्ण.

ज्या भूतकाळामुळे मला निवडलं, तोच सांगायची वेळ आली की सगळ्यांचे चेहरे बदलत होते. संस्था म्हणे, तपासणी आमच्या हातात नाही. तपासणीवाले म्हणत, निवड संस्थेची आहे, त्यांना विचारा. आणि याच काळात मला ज्या मुलाशी जोडून द्यायचं ठरलं होतं तो सुटलासुद्धा. माझा खरा राग इथे आहे. आत असताना नशा बंद असते, त्यामुळे शरीराची सहनशक्ती घटते. बाहेर येऊन कुणी जुन्याच मापाने घेतलं, विशेषतः हेरॉइनसारखं काही, तर जीव जाऊ शकतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यांत धोक्याचे. नेमक्या त्याच दिवसांत सोबत लागते, आणि सोबत करणारा लाल गोलाचं काय करायचं ते विचारत फिरत होता. पोरगा सुखरूप राहिला हे त्याचं नशीब. व्यवस्थेला त्याचं श्रेय मी देणार नाही.

या कागदी कचाट्यातून माझी सुटका झाली ती मोफत कायदा सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंमुळे. त्यांनी आधी मला गप्प बसवलं आणि माझ्या निकालाची प्रत मागितली. (ती घरी शोधून ठेवा. आयत्या वेळी सापडत नाही.) त्या म्हणाल्या, अशा नोंदींचा कायदा प्रत्येक देशात, कधी राज्यागणिक, वेगळा. काही ठिकाणी नोंद बंद झाली की 'नाही' लिहायची मुभा असते, काही ठिकाणी मुलांसोबतच्या कामासाठी तीच नोंद उघडून बघतात. त्यामुळे मित्राने काय लिहिलं ते पाहून लिहू नका. मग त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या १९८५च्या बीजिंग नियमांतला २१वा नियम दाखवला: अल्पवयीनांच्या नोंदी कडक गोपनीय ठेवायच्या, तिऱ्हाइताला बंद. "हा तुमच्या साहेबांना बांधील कायदा नव्हे," त्या म्हणाल्या, "पण कागदाला जोडला की कागद बाजूला सारणं अवघड जातं."

अर्ध्या ओळीत मी लिहिलं: 'सोबतचे पत्र पाहावे.' पत्रात तीनच प्रश्न. ही माहिती कोणत्या नियमाखाली मागता? ती कोण वाचणार? किती काळ ठेवणार? प्रश्नांना आजतागायत उत्तर नाही. अर्ज मात्र मंजूर झाला.

तुम्ही या वाटेने जाणार असाल तर रुजू होण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: मुलाशी झालेलं बोलणं कोर्टाच्या अहवालात जाणार की नाही. कोर्टाला अहवाल देणारा देखरेख अधिकारी वेगळा, तुम्ही वेगळे. पोराला वाटलं की तुम्ही त्यांचेच कान आहात, तर तो फक्त 'सगळं ठीक आहे दादा' म्हणेल. उलट, जे तुम्हाला सांगावंच लागेल, म्हणजे जिवाला धोका किंवा कुणी त्याचा छळ करत असेल तर, ते पहिल्याच भेटीत त्याला सांगून टाका. नंतर सांगितलं की तो दगा वाटतो.

उसने पैसे देऊ नका. लघवीच्या तपासणीत नशा सापडली तर ओरडू नका, ते काम करायला बाकीचे सगळे आहेत. स्लिप झाली, म्हणजे मध्येच पुन्हा नशा केली, की सगळं संपलं असं त्याला आधीच वाटत असतं. मात्र दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद करून हातपाय थरथरत असतील, तर गप्पा नको, थेट डॉक्टर. त्यात फिट येऊ शकते. आपण डॉक्टर नाही, हे प्रशिक्षणात सांगतात तेव्हा कंटाळा येतो, पण ते खरंच आहे.

गटाबद्दल राहिलं. सारख्याच वयाची, ताजी सुटलेली पोरं नुसती एकत्र बसवली की फुशारक्या सुरू होतात: कुणी किती ओढलं, कुणी किती मार खाल्ला. आमच्याकडे म्हणून गटात दोन जुने, बरीच वर्षं क्लीन (नशेपासून दूर) असलेले बसतात. तरी माझं मत विचाराल तर सुरुवातीला एकास एक बरं. त्या उशिरा भेटलेल्या मुलाने मला कायदा, कोर्ट, पश्चात्ताप यातलं काही विचारलं नाही. बाकाची कड नखाने खरवडत त्याने विचारलं, "दादा, तुला नीट झोप कधी लागायला लागली?" हे कुठल्या समुपदेशकाला विचारलं नसतं त्याने. मी खरं सांगितलं, की खूप उशिरा, आणि आधी तुकड्या-तुकड्यात. त्यावर तासभर बोललो.

आणि हो, दिलेल्या प्रत्येक कागदाची तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. माझ्या ओळखपत्रावर 'स्वयंसेवक (तात्पुरता)' असं छापून आलंय, नेमणूक पगारी आहे तरी. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. पोच माझ्याकडे आहे.