‘मी येतो रात्री’ असं कोण म्हणालं?

“शेवटी फसवलं की राव लेखकानं!” आणि “मला तर निम्म्यातच कळलं होतं.” एकाच रहस्यकादंबरीवरची ही दोन मतं एकाच टेबलावर ऐकू येतात. कोल्हापुरात असा वाद निघाला की भाषा लगेच खासबागच्या कुस्ती मैदानाची होते. बरोबरीत सुटलेली कुस्ती इथं कुणाला रुचत नाही, निकालीच हवी असते. आणि निकाल लागला तरी पाठ खरंच टेकली का, यावर पंचाशी हुज्जत असतेच.

म्हणून ‘फसवलं’ म्हणणाऱ्याला आधी एवढंच विचारावं: पुरावा दिलाच नव्हता, की दिला होता आणि तुला दिसला नाही? पहिली तक्रार पुस्तकाच्या दोषाची आहे आणि ती पान क्रमांकानं तपासता येते. रोनाल्ड नॉक्स या पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यातलाच एक. दुसऱ्या तक्रारीत मात्र लेखकाचंच कसब आहे. तिसरीही एक असते, ‘एवढ्याशा कारणावरून कोण खून करतं?’ तिथं पान क्रमांक उपयोगी नाही, चहाच मागवावा.

दुवा दडवायच्या जागा ठरलेल्या आहेत. खोलीतल्या पाच वस्तूंच्या यादीत तिसरी किंवा चौथी. किंवा दुव्याच्या पुढच्याच ओळीत किंकाळी, म्हणजे वाचक आधीचं विसरलाच. किंवा ज्या बडबड्या म्हातारीचं घरात कुणी ऐकत नाही, तिच्या तोंडी.

मराठीत याहून बारीक जागा आहे, ती व्याकरणात. ‘कुणीतरी दार उघडलं’ या वाक्यात क्रियापद दाराच्या लिंगानं चालतं, उघडणारा बाई की पुरुष ते कळत नाही. ‘एक आकृती जिन्यावरून उतरली’ यातलं स्त्रीलिंग आकृतीचं, माणसाचं नव्हे. घाईनं वाचणारा इथं बाई धरून चालतो आणि शेवटी चिडतो. आता चिठ्ठीत ‘मी येतो रात्री’ एवढंच लिहिलेलं असेल तर? पुण्याचा वाचक बायकांची नावं तिथल्या तिथं खोडेल. कोल्हापूरचा खोडणार नाही, कारण इथं बायकाही सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. अशा कादंबरीवर दोन गावांत दोन निकाल लागले तर दोघांचंही वाचन बरोबरच म्हणायचं. लेखकानं मात्र चिठ्ठी लिहिणारं माणूस कुठल्या गावचं, हे आधी कुठंतरी सांगायला हवं.

अनुवादात उलटं घडतं. इंग्रजीतल्या ‘अंकल’चा काका करायचा की मामा, हे अनुवादकाला ठरवावंच लागतं. खून इस्टेटीसाठी असेल आणि मामाचा काका झाला, तर आपला वाचक वारसाचा सगळा हिशेब चुकीच्या घराण्यातून मांडत बसतो. मग शेवट पटत नाही आणि शिव्या मूळ लेखकाला पडतात.

गटानं वाचायचं असेल तर २४० पानांच्या पुस्तकात साधारण १८० व्या पानावर थांबा. प्रत्येकानं घडी घातलेल्या चिठ्ठीवर संशयिताचं नाव, कारण आणि आधाराचं पान लिहायचं. पान नसेल तर चिठ्ठी बाद. ‘मला आधीच कळलं होतं’वाले इथंच निम्मे होतात. वाचन दोन-तीन बैठकींत संपवा. रोज दहा पानं वाचली तर चाळिसाव्या पानावरचा दुवा शेवटापर्यंत डोक्यात राहत नाही, आणि तोच पुढं ‘दिलाच नव्हता’ ठरतो.

कोल्हापूरला ग्रंथालयाची सवय जुनी, करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. तेव्हा पुस्तक बहुधा परतीचं असणार, त्यात खुणा नकोत. वेगळ्या कागदावर तीन रकाने आखा: वेळ, कोण सांगतंय, दुसऱ्या कुणी पाहिलं का. तिसरा रकाना जिथं रिकामा राहील, तिथंच दुसऱ्यांदा वाचायचं. अख्खं पुस्तक पुन्हा वाचायची गरज नाही.

परतीच्या पुस्तकांचा एक शाप आहे. आधीचा कुणी भला वाचक पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवतो. खोडरबर जवळ असू द्या, पण फार घाबरू नका. कधीकधी ते नावही चुकीचं असतं. लिहिणाऱ्यानं शेवटचं प्रकरण वाचायच्या आधीच निकाल देऊन टाकलेला असतो.