तुम्ही विचारलंत म्हणून: त्या अकरा जणांची सातवी

"बाई, एवढ्या वर्षांत कितीतरी मुलं तुमच्या हाताखालून गेली. तुम्ही २०२० च्या सातवीचंच काय घेऊन बसता?" असं मला शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, कधी पालकही विचारतात. मी हसून विषय बदलते. आज सांगते.

आमची शाळा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. सरकारी मराठी शाळा, सातवीपर्यंत. पुढं हायस्कूल, आणि तिथंच खरी फाटाफूट होते. कुणी खानापूरला मराठी हायस्कुलात, कुणी बेळगावला काकाकडं राहून इंग्लिश मीडियमला, कुणी कन्नडला. ज्याचा बाप गोव्यात कामाला, तो चोर्ला घाट उतरून तिकडं. म्हणजे सगळ्यांनी मिळून मराठीत भांडायचं शेवटचं वर्ष ते. म्हणून आमच्यात सातवीचा निरोप समारंभ लग्नासारखा होतो. पुरीभाजी, शिरा, आणि सातवीकडून शाळेला 'सप्रेम भेट'. आमच्या भिंतीवर अशी चार घड्याळं आहेत. चारही वेगवेगळी वेळ दाखवतात.

त्या वर्षी पोरं म्हणाली, "बाई, घड्याळ नको. हलगी घेऊया." लेझमीची हलगी फाटली होती, आणि गॅदरिंगला आम्ही पत्र्याचा डबा बडवून वेळ मारून नेली होती. अकरा मुलं, प्रत्येकी पन्नास रुपये. दहा जणांचे आले. पाचशे रुपये मी एका जुन्या कंपासपेटीत घालून कपाटात ठेवले.

मार्चच्या मध्यात शाळा थांबली. परीक्षा पुढं गेल्या, मग रद्दच झाल्या. २४ मार्चला लॉकडाऊन जाहीर झाला, दुसऱ्या दिवशी पाडवा. कर्नाटकात शाळेचं वर्ष १० एप्रिलला संपतं. त्या दिवशी मी घरी ज्वारी निवडत बसले होते. ऑनलाइन वगैरे आमच्या गावात कुठलं? फोनला रेंज पाहिजे तर टेकडीवर चढायचं.

पण मला खरं बोचतं ते याच्या पुढचं. दाखले द्यायची वेळ आली, तेव्हा मीच निरोप धाडला: पालकांनी एकट्यानं यावं, मुलांना आणू नये. नियमही तसाच होता, आणि खरं सांगायचं तर मी घाबरलेही होते. घरी सासूबाई ऐंशीच्या. व्हरांड्यात टेबल, समोर खडूनं आखलेला गोल. पालक यायचे, गोलात उभं राहून सही करायचे, दाखला घेऊन जायचे. एक पोरगा मात्र बापामागून आलाच. गेटबाहेर फणसाखाली उभा राहिला, तोंडाला आईच्या ओढणीचा तुकडा बांधलेला. मी लांबूनच हात हलवला. ये म्हणून नव्हे, घरी जा म्हणून. त्यानं काय समजून घेतलं कुणास ठाऊक, त्यानंही हात हलवला. बाप गोव्याचा. गोव्याच्या वाटेवरचा कणकुंबीचा नाका खुला झाल्यावर दोघं गेले.

पावसाळ्यात 'विद्यागम' सुरू झालं, म्हणजे शाळा बंद असताना गावातच मुलांना शिकवायची सरकारी योजना. देवळाच्या मंडपात आम्ही मुलं गोळा करून शिकवायचो. माझ्यापुढं नवी सातवी. गावात राहिलेली जुनी पोरं खांबाआड उभी राहून बघायची. त्यांना आत बोलवावं की नाही, तेही मला ठरवता आलं नाही. ती आता माझी नव्हती ना!

परवा खानापूरच्या स्टँडवर एक दाढीवाला पोरगा पाया पडायला वाकला. आवाजावरून ओळखलं, फणसाखालचाच. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बस सुटायच्या वेळी त्यानं खिशातून पन्नासची नोट काढली.

"बाई, हलगीचे माझे राहिलेत."

"अरे, हलगी घेतलीच नाही."

"मग पाचशे कुठायत?"

"कपाटात."

"तर मग घेऊया की," म्हणाला, आणि कंडक्टरला थांबवून माझा फोन नंबर लिहून घेतला.