चोपन्नच घेतली, पण ती नव्हे

"उंची किती?"
"१७४."
"मग ५४."

५४ म्हणजे फ्रेमची साइझ. रोड बाइक विकणाऱ्याने माझ्या मापासाठी घालवलेला वेळ एवढाच. अजून आठवलं की डोकं तडकतं. त्याच्याकडे त्या मॉडेलची ५४च शिल्लक होती, हे मला नंतर कळलं.

थोडी चालवून बघितली तर ब्रेकच्या हूडपर्यंत (हँडलवर हात ठेवायच्या रबरी पकडीपर्यंत) हात ताणावे लागत होते, मान आखडली. दुकानदार म्हणाला, "होईल सवय." सायकलवाले मित्र एकमुखाने म्हणाले, हात लांब पडतायत ना, मग एक साइझ लहान घे. पटलं की! आणि इथेच मी दोन आठवडे अडकलो.

आधी पायाचं माप घेतलं. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, पायांमध्ये पुस्तक वर घट्ट दाबायचं आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. पॅंटच्या मापावर जाऊ नका, मी गेलो आणि ३ सेंटिमीटरने चुकलो. खरं माप ८३ निघालं. फ्रेमची साइझ काढायच्या जुन्या सूत्राने ०.६७ने गुणलं तर उत्तर ५५.६. म्हणजे दुकानदार ५४, मित्र ५२, सूत्र ५६! ते सूत्र फ्रेमची वरची नळी जमिनीला समांतर असायची त्या काळातलं. आता नळी मागे उतरती असते, त्यामुळे फ्रेमवरचा आकडा पुष्कळदा नुसतं नाव असतो. एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५४सारखी असेलच असं नाही.

शेवटी कंपन्यांचे जॉमेट्रीचे तक्ते उघडले आणि दोनच रकाने धरले. पेडलांचे दांडे ज्या अक्षाभोवती फिरतात त्या अक्षापासून हँडलखालच्या उभ्या नळीचं वरचं टोक किती उंच, तो स्टॅक. आणि तेच टोक किती पुढे, तो रीच. त्या बाइकची ५४: स्टॅक ५४४, रीच ३८४ मिलिमीटर. तिचीच ५२: ५२७ आणि ३८०. परत वाचलं. लहान साइझ घेऊन रीच कमी होणार ४ मिलिमीटर, आणि हँडल खाली जाणार १७! सीट तर पायाच्या मापानेच राहणार (८३ गुणिले ०.८८३, म्हणजे अक्षापासून साधारण ७३ सेंटिमीटर), म्हणजे मी आणखीच वाकणार. माझे पाय लांब, धड आखूड. मला लहान सायकल नको होती, उंच हँडलची हवी होती.

हँडलखाली स्पेसर, म्हणजे कड्या, घालून हँडल वर येतं, रीचही जरा कमी होतो, १० मिलिमीटरला साधारण ३. पण मला ३० मिलिमीटर हवे होते आणि तेवढे स्पेसर त्या फ्रेमला चालत नव्हते.

मग लांब पल्ल्याची, एन्ड्युरन्स प्रकारातली बाइक बघितली. स्टॅक ५७५, रीच ३७४. बसल्या बसल्या खांदे सैल पडले. बाकी काम स्टेमने, म्हणजे हँडल पुढे धरणाऱ्या तुकड्याने केलं, १०० मिलिमीटरचा काढून ९०चा लावला. हो, स्पेसर आणि स्टेम जिच्यावर बसतात ती फोर्कची नळी लगेच कापू देऊ नका. महिनाभर चालवा, कापलेली नळी परत लांब होत नाही.

साइझ? ५४. मित्राने बिल बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे तो दुकानदार बरोबर होता!"

दोन दिवस मी त्याचा फोन उचलला नाही.