सिंहराजाला जाताना पुस्तक कोणतं घेतलं

फेब्रुवारीत श्रीलंकेला, सिंहराजाच्या जंगलात पक्षी बघायला जायचं ठरलं, तेव्हा पुस्तकाचा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक घरात आहेच, ताम्हिणी-भीमाशंकरला तेच नेतो आणि श्रीलंकाही त्यात येते. पण त्यातले तेराशेच्या वर पक्षी! निम्म्याहून जास्त तिकडे फिरकतही नाहीत. त्यात नकाशे टिकलीएवढे, म्हणजे श्रीलंका तिळाएवढी. सिंहराजाचं जंगल नैर्ऋत्येच्या ओल्या पट्ट्यात येतं. पक्षी तिथला की कोरड्या भागातला, हे त्या तिळावर काय कळणार?

एका मित्राने फक्त श्रीलंकेवरचं जुनं पुस्तक दिलं. चित्रं सुरेख. मी आधी मागची सूची उघडली आणि सेरेंडिब स्कॉप्स आउल शोधलं. नव्हतं. या घुबडाला शास्त्रीय नाव मिळालं २००४ साली, पुस्तक त्याआधीचं.

मग दुकानात गेलो. नवी दोन पुस्तकं निघाली, एक फोटोंचं, एक चित्रांचं. चाळत बसलो असतो तर फोटोंचंच घेतलं असतं, इतके ते देखणे. त्याऐवजी दोन्हींत डोंगरी मैनांचं पान काढलं. श्रीलंकेत या दोन, दोन्ही काळ्या कुळकुळीत. फक्त त्याच बेटावर सापडणाऱ्या मैनेला पिवळी कातडी मानेमागेच असते, दुसरीला डोळ्याखालीही. फोटोंत एक उन्हात, दुसरी सावलीत, तीही तोंड फिरवून बसलेली. चित्रांच्या पुस्तकात दोघींची डोकी शेजारीशेजारी. भारद्वाजांचंही तसंच: आपल्या ओळखीचा काळ्या चोचीचा, तिथला हिरवट चोचीचा, दोघे एकाच पानावर. चित्रांचंच घेतलं.

खरा उपयोग झाला तो मुक्कामावर, रात्री वाचून ठेवण्यासाठी. जंगलात जळवा काढू की पानं उलटू? नारिंगी चोचीच्या सातभाईंचा कलकलाट येतो, सोबत कोतवाल, आणखी कोण कोण, आणि पाच मिनिटांत सगळा थवा पुढे. पाऊस तर होताच, त्यामुळे पुस्तक बहुतेक वेळ प्लास्टिकच्या पिशवीत.

मैना शेवटच्या सकाळी दिसली. पाठमोरी. मानेमागची पिवळी कातडी अगदी स्वच्छ दिसत होती, पण ती तर दोघींनाही असते. मी पिशवीची गाठ सोडतोय तोवर ती उडाली, आणि सोबतचा गाइड आवाजावरून नाव सांगून मोकळा झाला.